गगनचुंबी इमारती आणि वाऱ्याचे गणित

इमारत किती उंच बांधता येईल, याचा विचार करताना आधी तिचे वजन डोळ्यांसमोर येते, आणि एकोणिसाव्या शतकात खरी अडचण तीच होती. शिकागोतील मोनॅडनॉक इमारतीच्या 1891 साली उभ्या राहिलेल्या 16 मजली भागाचा भार विटांच्या भिंतींवर असल्यामुळे तळाशी त्या सुमारे 1.8 मीटर जाड ठेवाव्या लागल्या. आणखी मजले चढवले असते, तर तळमजल्याची जागा भिंतींनीच खाल्ली असती. भार पोलादी सांगाड्यावर टाकण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा ही अडचण सुटली आणि 1931 मध्ये न्यू यॉर्कला 381 मीटर उंचीची एम्पायर स्टेट इमारत उभी राहिली.

पण उंची दुप्पट झाली की वजन साधारण दुप्पट होते, तर वाऱ्यामुळे पायाशी येणारा वाकवणारा जोर चौपटीहून अधिक वाढतो, कारण वर वाराही जास्त वेगाने वाहतो. ढाक्यात जन्मलेले आणि शिकागोत काम करणारे अभियंता फझलूर रहमान खान यांनी यावर तोड काढली. पोकळ बांबूचे बळ जसे त्याच्या कडेला असते, तसे त्यांनी बाहेरचे खांब आणि तुळया एकजीव करून अख्खी इमारतच एक ताठ नळी बनवली. 1969 साली पूर्ण झालेल्या 100 मजली जॉन हॅनकॉक सेंटरच्या चारही बाजूंवर कित्येक मजले ओलांडत जाणाऱ्या पोलादी फुल्या दिसतात, त्या याच रचनेचा भाग आहेत. एम्पायर स्टेटला दर चौरस मीटरमागे सुमारे 206 किलो पोलाद लागले होते, तर इथे सुमारे 145 किलोंत भागले. खान यांचे मोठेपण मला उंचीपेक्षा या काटकसरीत अधिक दिसते. अशाच नऊ नळ्या एकत्र बांधून त्यांनी 442 मीटर उंचीचा सिअर्स टॉवर उभारला.

वारा नुसता ढकलत नाही. इमारतीच्या दोन्ही बाजूंना तो आळीपाळीने भोवरे सोडतो, आणि त्यांची लय इमारतीच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळली तर झोके वाढत जातात. तैपेई 101 मध्ये त्यासाठी 660 टनांचा पोलादी गोळा टांगला आहे. इमारत एका बाजूला झुकली की तो मागे रेंगाळतो आणि त्याला जोडलेले दट्टे ती ऊर्जा शोषून घेतात. 2010 मध्ये खुल्या झालेल्या, 828 मीटर उंचीच्या बुर्ज खलिफात मात्र असा गोळा नाही. तिचे तीन पंख वर जाताना एकाआड एक आखडत जातात, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर रुंदी बदलते, भोवऱ्यांची लयही बदलते आणि वाऱ्याचा जोर एकवटत नाही.