केसावरून माणूस ओळखता येतो का?

घटनास्थळी मिळालेला केस आधी माणसाचा की जनावराचा, हे पाहतात. केसाच्या मधोमध मज्जा असते. माणसाच्या केसात तिची रुंदी केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून कमी असते. बऱ्याचदा ती तुटक असते किंवा नसतेच. बहुतेक प्राण्यांत ती निम्म्या जाडीहून रुंद असते. वरचे खवलेही वेगळे: माणसाचे कौलांसारखे सपाट, मांजराचे टोकदार आणि बाहेर आलेले.

मग मूळ तपासतात, आणि पुढचं बरंचसं तिथेच ठरतं. डोक्यावरचे सुमारे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. उरलेल्यांपैकी बहुतेक विश्रांतीत असतात, आणि रोज ५० ते १०० गळतात ते यांतलेच. गळलेल्या केसाचं मूळ कोरडं, गाठीसारखं असतं. त्यावर पेशी जवळपास नसतात. वाढता केस उपटला गेला, तर मुळासोबत आवरणाचा ओलसर पापुद्रा येऊ शकतो आणि त्यातून व्यक्तीचा पूर्ण डीएनए मिळण्याची चांगली शक्यता असते. घटनास्थळी मात्र बहुतेक केस आपोआप गळलेलेच सापडतात.

मूळ नसेल तर काय? केस तयार होताना पेशी मरतात आणि केंद्रकातल्या डीएनएचे बारीक तुकडे होतात. मायटोकॉन्ड्रियातला (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातला) डीएनए जास्त तग धरतो, कारण एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. पण तो आईकडून येतो. सख्खी भावंडं, आई, मावशी, आईची आई, सगळ्यांचा सहसा सारखाच. त्यामुळे तो जुळला नाही तर संशयित सुटतो; जुळला तर तो फक्त यादीत राहतो.

पूर्वी हा फरक कुणी फारसा पाळला नाही. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन केस सारखे दिसले, की तज्ज्ञ कोर्टात ठामपणे बोलत. २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात असे 'जुळलेले' ८० केस डीएनएने तपासले. ९ दुसऱ्याच कुणाचे निघाले. २०१५ मध्ये एफबीआयने जुन्या खटल्यांच्या फेरतपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. तज्ज्ञाची साक्ष आरोपीविरुद्ध वापरलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ मध्ये सदोष विधानं आढळली. वॉशिंग्टनमध्ये १९७८ साली झालेल्या एका टॅक्सीचालकाच्या खुनाच्या खटल्यात मुखवट्यातले १३ केस पुराव्यात होते. नंतरच्या डीएनए तपासणीत त्यातला एकही आरोपीचा नव्हता, आणि एक तर कुत्र्याचा होता! पहिल्याच पायरीवरची चूक.

गोळा करतानाही पुरावा बिघडतो. केस बोथट टोकाच्या चिमट्याने उचलायचा, स्वच्छ कागदाच्या पुडीत ठेवायचा, पुडी पाकिटात घालून सील करायची. प्रत्येक जागेची पुडी वेगळी. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी धरते. चिकटपट्टी सोयीची, पण तिचा डिंक मुळाशी लागला की काम वाढतं. संशयिताचे नमुने कात्रीने एकाच जागेवरून घेणं ही नेहमीची चूक: त्यात मूळ येत नाही, शिवाय एकाच डोक्यावरचे केसही रंगाने आणि जाडीने सारखे नसतात. म्हणून पुढून, माथ्यावरून, बाजूंनी आणि मागून मिळून किमान २५ केस मुळासकट घेतात, विंचरून निघालेले वेगळे ठेवतात.

आणि डीएनए निर्विवाद जुळला, तरी केस तिथे कसा पोचला हे वेगळंच शोधावं लागतं. रिक्षाच्या सीटवरून तो तिसऱ्याच माणसाच्या शर्टावर सहज जातो.