दह्याला तार सुटली म्हणजे दुधात प्लॅस्टिक?

‘दही उचलताना तार सुटली, तर दुधात प्लॅस्टिक आहे,’ हा मेसेज सोलापूरच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. शंका येणं साहजिक आहे. शेंगाचटणीत कालवायचं दही लाळेसारखं ओघळलं की घास उतरत नाही.

पण प्लॅस्टिक दुधात विरघळतच नाही. ही तार बहुतेक वेळा विरजणातले जीवाणू तयार करतात. त्यांचे काही प्रकार साखरेचे रेणू एकापुढे एक जोडून लांब साखळ्या बनवतात आणि पेशीबाहेर सोडतात. त्या पाणी धरून ठेवतात, म्हणून दही चिकट होतं. त्यासाठी अशा साखळ्या लिटरमागे ग्रॅमभरसुद्धा लागत नाहीत! फिनलंडमध्ये तर ‘व्हिली’ नावाचं असं तारेचं दही आवडीने खातात.

पडताळायचं असेल तर एकाच पातेल्यातलं उकळून कोमट केलेलं दूध दोन स्वच्छ वाट्यांत घ्या. एकीत घरचं विरजण घाला, दुसरीत शेजारच्या काकूंचं, ज्यांच्या दह्याला तार येत नाही. तार फक्त पहिलीत आली, तर कारण विरजणात आहे. (दूध शुद्ध असल्याचा हा पुरावा मात्र नव्हे.) दुधात स्टार्च (पिठूळ पदार्थ) मिसळल्याची शंका वेगळी, थंड दुधात आयोडीनचा थेंब टाका, स्टार्च असेल तर निळं होईल.

विरजण बदला. कुजका वास किंवा रंग आला असेल, तर ते दही टाकून द्या.