रोझवुड ‘गोड’, मेपल ‘कडक’: कितपत खरं?

म्हापशात किंवा मडगावात इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालात की सल्ला ठरलेला असतो: बँडमध्ये आवाज उठून यायला हवा तर मेपल लाकडाचा फ्रेटबोर्ड (गिटारच्या दांड्यावरची, बोटांखाली येणारी पट्टी), गोड हवा तर रोझवुडचा. भारतीय रोझवुड म्हणजे सह्याद्रीत वाढणारा आपला शिसव, जुन्या घरांतले पलंग नि खुर्च्या ज्याच्या असतात तो.

पण हा शिसव मेपलपेक्षा जड आहे, कठीणही. कठीण लाकडाने आवाज टोकदार होतो असं धरलं तर टोकदार निघायला हवा तो शिसवाचाच! मग उलटं का सांगतात?

माझ्या मते दोष तुलनेचा आहे. फेंडर कंपनीने १९५० पासून अखंड मेपलचे नेक (गिटारचे दांडे) बनवले. रोझवुडचा बोर्ड आला १९५८ च्या जॅझमास्टर गिटारवर, आणि पुढच्या वर्षी स्ट्रॅटोकास्टर-टेलिकास्टरवर. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारवर मात्र रोझवुड आधीपासून होता. लोक मेपलची स्ट्रॅट आणि रोझवुडची लेस पॉल वाजवतात आणि फरक फ्रेटबोर्डाच्या नावावर मांडतात. एकीकडे सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा) पिकअप, म्हणजे तारांखालचा आवाज टिपणारा भाग, आणि साडेपंचवीस इंच स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. दुसरीकडे हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप), पावणेपंचवीस इंच स्केल, महोगनीची बॉडी. यात पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा वाटा कसा वेगळा काढणार?

शिवाय दाबलेली तार टेकते ती फ्रेटवर, म्हणजे बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, लाकडावर नाही. आणि चुंबकीय पिकअप टिपतो तो तारेचा कंप. लाकडाचा परिणाम शून्य आहे असं मी म्हणत नाही. नेक तारेची ऊर्जा थोडी शोषतो, म्हणून एखाद्या फ्रेटवर सूर लवकर विझतो. पण ते अख्ख्या नेकचं वागणं असतं, आणि एकाच लाकडाचे दोन नेकही सारखे वागत नाहीत. पिकअप तारांपासून थोडा खाली घ्या किंवा तारा बदला, फरक त्याहून सहज ऐकू येईल. फ्रेटलेस (बिनफ्रेटांच्या) बास गिटारची गोष्ट मात्र निराळी: तिथे तार थेट बोर्डावर टेकते. बासवादक जॅको पॅस्टोरियसने आपल्या बासच्या रोझवुडवर होड्यांना लावतात तो इपॉक्सीचा कडक लेप चढवला, तो उगाच नव्हे.

हाताला मात्र फरक लगेच कळतो, आणि गोव्यात तोच जास्त महत्त्वाचा. मेपलवर बहुधा लॅकरचा थर असतो. जूनच्या दमटात घामट बोटांना तो चिकट लागतो, झिजला की बोर्ड मळकट दिसतो. पण पुसायला सोपा. रोझवुड सहसा उघडाच ठेवतात. त्याला बोटं चिकटत नाहीत, पण रेषांत घाम-मळ साचतो आणि एसीच्या खोलीत लाकूड सुकतं. त्याला अधूनमधून तेलाचा हलका हात लागतो. लॅकरवाल्या मेपलला तेल लावू नका.

२०१७ मध्ये साइट्सने (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) डाल्बर्जिया या रोझवुडच्या वंशातल्या सगळ्या जातींच्या व्यापारावर निर्बंध आणले, तेव्हा काही कंपन्या पाउ फेरो या दुसऱ्या लाकडाकडे वळल्या. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. त्यामुळे त्या काळातली सेकंडहँड गिटार ‘रोझवुडची’ म्हणून दाखवली तर मॉडेलचा तपशील तपासा. आणि लाकूड कुठलंही असो, नेक सरळ आहे का, ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) फिरतो का, फ्रेटांची टोकं हाताला टोचतात का, हे आधी बघा.