एकच ट्रान्सफॉर्मर, दुपारी ऑफिसचा आणि रात्री घरांचा

पुण्यात हडपसरला मगरपट्टा सिटी उभी राहिली ती शेतजमिनीवर. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जमीन विकून मोकळं होण्याऐवजी ४०० एकरांहून जास्त क्षेत्र एकत्र केलं, कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा असं ठरवलं. घरं, आयटी कंपन्यांच्या इमारती, शाळा, दवाखाना, बाजार, बाग, सगळं एकाच आराखड्यात आलं. या मालकीबद्दल बरंच लिहिलं गेलंय आणि ते रास्तच आहे. पण घर आणि ऑफिस शेजारी आल्यावर वीज-पाण्याचं गणित कसं बदलतं, याची चर्चा फारशी होत नाही, आणि मला ते गणित फार मोलाचं वाटतं.

ट्रान्सफॉर्मर किती मोठा बसवायचा, हे दिवसभराच्या सरासरी वापरावरून ठरत नाही, सगळ्यांत जास्त मागणीच्या वेळेवरून ठरतं. समजा, एका ऑफिस इमारतीला दुपारी तीनला एसीमुळे ८०० केव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचं एकक) लागतात आणि रात्री नऊला २००. शेजारच्या घरांचं उलट: दुपारी ३००, रात्री ७००. दोन्ही वस्त्या शहराच्या दोन टोकांना असल्या, तर एकूण १५०० केव्हीएची सोय करावी लागेल. शेजारी असल्या तर दुपारी ११०० आणि रात्री ९००, म्हणजे ११०० मध्ये भागतं. ४०० केव्हीएचं तांबं, लोखंड, तेल वाचलं, आणि तेही कुणाचा एक पंखा बंद न करता. शिवाय घरांच्या छपरावरची सौर वीज दुपारी तयार होते, तेव्हा माणसं कामावर असतात. ती वापरणारं ऑफिस शेजारीच असतं. पार्किंगचंही तसंच: ऑफिसची जागा संध्याकाळी रिकामी होते, तेव्हाच घरची गाडी परत येते. अट एकच, पार्किंगच्या गेटवर ‘फक्त ऑफिसच्या गाड्यांसाठी’ अशी पाटी नको.

पाण्याचा हिशेब आणखी सरळ आहे. शहरी घरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे जवळजवळ १०८ लिटर. हे पाणी शुद्ध करून ऑफिसातल्या फ्लशला, एसीच्या कूलिंग टॉवरला आणि बागेला देता येतं. गिऱ्हाईक जवळ असल्यामुळे पाइपलाइन छोटी, पंपाची वीजही कमी.

प्रवासाचं मात्र इतकं सोपं नाही. पायी कामावर जाता येणं ही अशा वसाहतीची सर्वांत मोठी कमाई, पण नवराबायकोपैकी एकाची नोकरी इथे आणि दुसऱ्याची शहराच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीला असू शकते. आणि तिथे घरकाम करणारी बाई, वॉचमन, भाजीवाला यांना परवडेल असं घर त्याच आवारात नसेल, तर त्यांचा रोजचा प्रवास लांबच राहतो. आराखड्यात दुकानं आणि ऑफिसं मिसळली, पण उत्पन्नगट मिसळले नाहीत, तर बसथांब्यावरची सकाळची रांग काही कमी होत नाही. म्हणून परवानगी देताना किती चौरस फूट ऑफिस आणि किती दुकानं एवढंच विचारू नये. एका खोलीची, भाड्याने मिळणारी घरं किती, हेही आराखड्यावर लिहून घ्यावं.