'लाइन' गेल्यानंतरची गव्हर्नरपदाची पहिली लढत: न्यू जर्सीच्या प्रायमरीमागचा इतिहास

10 जून 2025 रोजी न्यू जर्सीत गव्हर्नरपदासाठी प्रायमरी झाली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी सहा जण रिंगणात होते आणि सहाही वजनदार: अमेरिकी काँग्रेसचे सदस्य मिकी शेरिल आणि जॉश गॉटहायमर, नेवार्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलॉप, शिक्षक संघटनेचे राज्याध्यक्ष शॉन स्पिलर आणि राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. मी मिडलसेक्स काउंटीतली मतदार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). एडिसन, इझलिन, प्लेन्सबरो ही मराठी माणसांच्या ओळखीची गावं याच काउंटीत येतात. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे भिशीत, नाटकाच्या मध्यंतरात, ट्रेनच्या फलाटावर एकच विषय होता. मे महिन्यात एनजे ट्रान्झिटच्या इंजिनचालकांनी तीन दिवस संप केला, 1983 नंतरचा रेल्वेचा पहिलाच. 1 जूनपासून विजेची बिलं सुमारे वीस टक्क्यांनी चढली. घरपट्टी तर आधीच देशात सर्वांत जास्त. त्यामुळे भांडणं मनापासून होती. नवरा-बायकोची मतं दोन दिशांना गेलेली घरं मला ठाऊक आहेत.

पण ही निवडणूक इतकी अटीतटीची का झाली याचं खरं कारण उमेदवारांत सापडत नाही, ते मतपत्रिकेत सापडतं: पक्षाच्या लाडक्या उमेदवारांना एका रकान्यात बसवणारी 'काउंटी लाइन' तिच्यावरून गेली होती. आणि त्यासाठी शंभर वर्षांहून मागे जावं लागतं.

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच मत देऊन ठरवायचा. आपल्याकडे भारतात तिकीट वरून येतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कुणाच्या हाती पडतो यावर सगळं ठरतं आणि ज्याला मिळत नाही तो बंडखोर होतो. (2014 च्या लोकसभेला काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान घेऊन पाहिलं, त्यात लातूर आणि वर्धाही होते. मात्र मत द्यायचा अधिकार पदाधिकाऱ्यांपुरताच होता.) अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात असंच होतं. अधिवेशन भरायचं, पुढारी बंद खोलीत नाव ठरवायचे, बाहेर येऊन टाळ्या घ्यायचे. याविरुद्ध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारणावाद्यांनी मोहीम उघडली. विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांनी थेट प्रायमरीचा कायदा 1903 मध्ये विधिमंडळातून आणि 1904 मध्ये जनमतातून मंजूर करून घेतला.

न्यू जर्सीत ही सुधारणा आणली वुड्रो विल्सन यांनी. ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. 1910 मध्ये त्यांना गव्हर्नरपदाची उमेदवारी मिळाली ती नेवार्कचे बडे पुढारी जेम्स स्मिथ यांच्या कृपेने. प्राध्यापक माणूस, आपल्या मुठीत राहील, असा स्मिथ यांचा हिशेब होता. विल्सन निवडून आले आणि पहिलंच भांडण त्यांनी स्मिथ यांच्याशीच काढलं. स्मिथ यांना पुन्हा अमेरिकी सिनेटमध्ये जायचं होतं, विल्सन यांनी त्यांना विरोध करून जेम्स मार्टिन यांना निवडून आणलं. पाठोपाठ 1911 मध्ये गेरन कायदा संमत झाला आणि उमेदवार निवडायचा अधिकार मतदारांकडे आला. विल्सन यांच्या कारकिर्दीतल्या पुष्कळ गोष्टींबद्दल, विशेषतः वंशभेदाबद्दल, मला अजिबात आदर नाही. पण हे काम मोठं होतं.

अधिकार कागदावर आला तरी पुढारी कुठे गेले नाहीत. फ्रँक हेग 1917 ते 1947 अशी सलग तीस वर्षं जर्सी सिटीचे महापौर होते. हडसन काउंटीतली नोकरी, कंत्राट, नेमणूक त्यांच्या शब्दावर व्हायची आणि त्या मतांच्या जोरावर राज्याचा डेमोक्रॅटिक पक्षही त्यांच्या ताब्यात होता. न्यू जर्सीत पक्षाचं खरं घर काउंटी हेच. काउंट्या 21, आणि प्रत्येकीचा पक्षाध्यक्ष म्हणजे त्या भागाचा सुभेदार. आजही इथलं राजकारण समजून घ्यायचं तर ट्रेंटनमधल्या विधानभवनाआधी या 21 सुभेदाऱ्या पाहाव्या लागतात.

'काउंटी लाइन' उगवली ती याच मातीत. मतपत्रिकेवर वेगवेगळ्या पदांच्या उमेदवारांनी एकत्र, एकाच घोषवाक्याखाली, एकाच रकान्यात येण्याची मुभा राज्याच्या निवडणूक कायद्यात होती. पण प्रायमरीत पक्ष समित्यांनी अधिकृत शिफारस करण्यावर बंदीही होती, त्यामुळे गाडीला लगाम होता. 1989 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात अशी बंदी घटनाबाह्य ठरवली: पक्षाला आपलं मत मांडायचं स्वातंत्र्य आहे, म्हणून. तत्त्व चुकीचं नव्हतं. पण न्यू जर्सीतलीही बंदी त्याबरोबर निष्प्रभ झाली, आणि शिफारस व रकाना या दोन गोष्टींची सांगड बसली. आता काउंटी संघटना ज्याला पाठिंबा देईल तो तिच्या रकान्यात जाणार, हे ठरूनच गेलं.

मतपत्रिका कशी दिसायची ते नीट सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच होती. 2020 ची प्रायमरी कोविडमुळे 7 जुलैला ढकलली गेली आणि बहुतेक मतदान टपालाने झालं. त्यामुळे मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून पाहायला मिळाली. इतर राज्यांत एका पदाखाली त्या पदाचे सगळे उमेदवार लिहिलेले असतात. आमच्याकडे उभे-आडवे रकाने, आणि त्यातला एक रकाना वरपासून खालपर्यंत गच्च भरलेला: सर्वांत वर राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, खाली सिनेट, मग काँग्रेस, मग काउंटीचे फ्रीहोल्डर (आताचे कमिशनर), अगदी गावच्या नगर परिषदेपर्यंत. शेजारचे रकाने बरेचसे रिकामे. पांढऱ्या चौकोनांच्या मधोमध कुठेतरी एखादं एकटं नाव. नवख्या मतदाराला वाटावं, हा भरलेला रकाना म्हणजे पक्ष आणि ती बाजूची नावं म्हणजे कुणी भरकटलेले लोक. इथले राजकारणी त्या कोपऱ्यांना 'बॅलट सायबेरिया' म्हणत.

21 पैकी 19 काउंट्यांत ही पद्धत होती, फक्त सेलम आणि ससेक्स वगळता. रटगर्स विद्यापीठाच्या ज्युलिया सास रुबिन यांनी 2020 च्या प्रायमरीचे निकाल तपासले. एकाच लढतीतल्या उमेदवाराला ज्या काउंटीत लाइन मिळाली आणि जिथे ती प्रतिस्पर्ध्याला मिळाली, तिथल्या त्याच्या मतांत सरासरी 35 टक्क्यांचा फरक होता. माणूस तोच, भाषण तेच, बदलली ती नावाची जागा.

लाइन कोण देणार, हेही काउंटीगणिक वेगळं. काही ठिकाणी पक्षाच्या समिती सदस्यांचं गुप्त मतदान व्हायचं, काही ठिकाणी अध्यक्षांचा शब्द पुरे. हे समिती सदस्य मतदान केंद्रागणिक प्रायमरीतच निवडून येतात, आणि तेही बहुधा त्याच रकान्याच्या तळाशी बसलेले. म्हणजे अध्यक्ष रकाना ठरवणार, रकाना सदस्य निवडून आणणार आणि सदस्य अध्यक्षाला निवडणार. या चक्रात बाहेरच्या माणसाला शिरकाव नव्हता. मला सर्वांत जास्त चीड याची होती. भ्रष्टाचार पकडता येतो, इथे सगळं नियमात बसत होतं.

क्रिस्टीन कॉनफोर्टी 2020 मध्ये काँग्रेसची प्रायमरी हरल्या, त्यांनी आणि इतरांनी याविरुद्ध फेडरल न्यायालयात खटला भरला. तो रेंगाळत राहिला. कलाटणी मिळाली सप्टेंबर 2023 मध्ये. अमेरिकी सिनेटमधले न्यू जर्सीचे सदस्य बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचा आरोप ठेवला गेला, घरातून सोन्याच्या लगडी आणि लाखो डॉलरची रोकड सापडल्याचं साऱ्या देशाने वाचलं. दुसऱ्याच दिवशी काँग्रेस सदस्य अँडी किम यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवारी जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या. त्या पूर्वी कधी कुठल्या पदावर निवडून आलेल्या नव्हत्या, तरी बर्गन, एसेक्स, हडसन, कॅमडन अशा मोठ्या काउंट्यांचे अध्यक्ष बघता बघता त्यांच्यामागे उभे राहिले. काउंट्यांना निधी आणि नेमणुकांसाठी गव्हर्नरांकडेच जावं लागतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

मग एक गोष्ट घडली जी या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते. फेब्रुवारी 2024 मध्ये मॉनमथ काउंटीच्या अधिवेशनात गुप्त मतदान झालं आणि किम जिंकले. मर्फी यांचं घर याच काउंटीत आहे. जिथे जिथे सामान्य कार्यकर्त्याला चिठ्ठी टाकायला मिळाली तिथे बहुतेक ठिकाणी किम यांची सरशी होऊ लागली. 26 फेब्रुवारीला किम, सारा शूनगुड आणि कॅरोलिन रश या तीन उमेदवारांनी लाइनविरुद्ध दावा दाखल केला. राज्याचे अॅटर्नी जनरल मॅथ्यू प्लॅटकिन यांनी न्यायालयाला कळवलं की या पद्धतीचं समर्थन आपण करणार नाही, ती घटनेत बसत नाही. त्यांना नेमलं होतं गव्हर्नर मर्फी यांनीच. 24 मार्चला टॅमी मर्फी यांनी माघार घेतली. 29 मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाइन वापरायला मनाई केली. रिपब्लिकन मतपत्रिका मात्र त्या वर्षी जुन्याच पद्धतीने छापल्या गेल्या. किम जूनमध्ये प्रायमरी आणि नोव्हेंबरमध्ये सिनेटची जागा जिंकले. मार्च 2025 मध्ये गव्हर्नर मर्फी यांच्याच सहीने पदनिहाय मतपत्रिकेचा नवा कायदा झाला.

म्हणून 2025 च्या प्रायमरीत सहा जण शेवटपर्यंत टिकले. पूर्वी मार्चमध्ये चार-पाच अध्यक्षांनी कल दाखवला की बाकीचे गाशा गुंडाळत आणि जूनमध्ये मतदाराने नुसती मान डोलवायची. या वेळी माझ्या हाती आलेल्या नमुना मतपत्रिकेवर गव्हर्नरपदाखाली सहा नावं एकत्र होती, क्रम चिठ्ठ्या काढून ठरलेला. 8 लाखांहून जास्त डेमोक्रॅट मतदार बाहेर पडले.

माझं मत फुलॉप यांना गेलं. त्यांनी काउंटी अध्यक्षांच्या पाठिंब्यावर भिस्त न ठेवता दोन वर्षांहून अधिक काळ प्रचार केला आणि विधानसभेसाठी स्वतःची फळी उभी केली. ते काही संत नव्हेत. सिनेटच्या लढतीत त्यांनी आधी टॅमी मर्फी यांना पाठिंबा दिला आणि वारं फिरल्यावर तो काढून किम यांना दिला. माझ्या मैत्रिणीने तेवढ्यावरून त्यांना नाकारलं आणि बराका यांना मत दिलं. 9 मे रोजी नेवार्कमध्ये स्थलांतरितांच्या डिटेन्शन सेंटरबाहेर बराका यांना अटक झाली होती, तो आरोप पुढे मागे घ्यावा लागला. परदेशातून येऊन इथे घर केलेल्या माणसांना त्या अटकेने जे वाटलं, ते मलाही वाटलं होतं. आमचा वाद संपला नाही, पण दोघींच्या उमेदवारांची नावं एकाच यादीत होती.

शेरिल सुमारे 34 टक्के मतांनी जिंकल्या, बराका दुसरे, फुलॉप तिसरे. मिडलसेक्ससह बऱ्याच काउंटी संघटनांचा पाठिंबा शेरिल यांनाच होता, त्यामुळे "शेवटी अध्यक्षांचंच झालं ना?" असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. घरोघर फिरणारे कार्यकर्ते आणि पैसा ही ताकद संघटनेकडे अजून आहे, ती राहणारही. पण नौदलात हेलिकॉप्टर चालवलेली, 2018 मध्ये रिपब्लिकनांच्या हातातली काँग्रेसची जागा खेचून आणलेली उमेदवार पाच तगड्या लोकांशी समोरासमोर लढून जिंकली, याला मी खरा कौल मानते. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवार जॅक चिट्टारेली यांच्याविरुद्ध माझं मत विनातक्रार शेरिल यांना गेलं.

आणि जूनच्या त्याच रात्री हडसन काउंटीत, हेग यांच्या जुन्या बालेकिल्ल्यात, 32व्या मतदारसंघातल्या विधानसभेच्या दोन्ही जागा फुलॉप यांच्या फळीतल्या केटी ब्रेनन आणि होबोकेनचे शीख महापौर रवी भल्ला यांनी जिंकल्या. काउंटी संघटनेचे अधिकृत उमेदवार तिथे हरले.