एकच कमांड, दोन वाटा: मॅट्रिक्स स्विचरला सिरियलने जोडायचं की टेलनेटने?

मॅट्रिक्स स्विचर म्हणजे कुठलाही इनपुट कुठल्याही आउटपुटला जोडणारं चित्र-आवाजाचं यंत्र. त्याच्या पाठीमागे नियंत्रणासाठी सहसा दोन जागा असतात, आरएस-२३२ (तारेवरून एकेक बिट पाठवायची जुनी पद्धत) चा सिरियल पोर्ट आणि नेटवर्कचा पोर्ट, ज्यावर टेलनेटने, म्हणजे नेटवर्कवरून साधा मजकूर पाठवायच्या पद्धतीने, बोलता येतं. दोन्हीकडून तोच मजकूर पाठवायचा आणि उत्तरही बहुधा तेच. त्यामुळे दोन्ही एकच, असं धरून सिरियलवर महिनोन्‌महिने चाललेला प्रोग्रॅम फक्त पत्ता बदलून नेटवर्कवर टाकला जातो. सकाळी तो चालतो, दुपारी गप्प होतो, आणि सगळे कमांडमध्ये चूक शोधत बसतात. कमांड बरोबरच असते.

आधी मजकुराचं उरकून घेऊ. एक्स्ट्रॉन या कंपनीच्या स्विचरला ३*४! पाठवलं की इनपुट ३ आउटपुट ४ वर जातो, चित्र आणि आवाज दोन्ही. ! ऐवजी % दिलं तर फक्त चित्र, $ दिलं तर फक्त आवाज. पुढे एंटर लागत नाही, चिन्ह आलं की कमांड संपली. क्रेमर या दुसऱ्या कंपनीच्या ‘प्रोटोकॉल ३०००’ या कमांड-भाषेत कमांड # ने सुरू होते आणि कॅरेज रिटर्नने (एंटरच्या अक्षराने) संपते; तो राहिला तर स्विचर पुढच्या अक्षराची वाट बघत राहतो. शिवाय त्यातल्या ‘राउट’ कमांडमध्ये आउटपुट आधी आणि इनपुट नंतर, म्हणजे क्रम नेमका उलटा. एक्स्ट्रॉनमध्ये १. म्हणजे प्रीसेट १ (साठवून ठेवलेली जोडणी) लावा, आणि १, म्हणजे सध्याची जोडणी प्रीसेट १ मध्ये साठवा. पूर्णविरामाऐवजी स्वल्पविराम पडला तर जुना प्रीसेट पुसला जातो, कुणी विचारतही नाही. (इथले आकडे देवनागरीत छापलेत, पाठवायचे मात्र रोमन. देवनागरी ३ हा यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइटांचा असतो. स्विचरच्या लेखी तो कचरा.)

आता वाटा. सिरियलमध्ये ‘जोडणी झाली’ असा प्रकारच नसतो. तीन तारा असतात: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. कॉम्प्युटरच्या नऊ पिनांच्या कनेक्टरवर ३ नंबर पाठवतो, २ घेतो, ५ ग्राउंड. केबल निघालेली असली, स्विचर बंद असला, तरी प्रोग्रॅमला पोर्ट उघडता येतो आणि पाठवल्याचं समाधानही मिळतं. म्हणून सिरियलवर उत्तर वाचल्याशिवाय काहीही झालं असं मानू नये.

वेग दोन्हीकडे सारखा हवा. एक्स्ट्रॉनमध्ये मूळ सेटिंग बहुधा सेकंदाला ९६०० बिट, आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक तपासायचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट. क्रेमरच्या पुष्कळ मॉडेलांत ११५२००. वेग चुकला की विचित्र अक्षरं येतात किंवा काहीच येत नाही. ९६०० ला एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे चार अक्षरांची कमांड चार मिलिसेकंदांत पोहोचते. त्यामुळे ‘सिरियल हळू’ ही तक्रार इथे गैरलागू आहे.

काहीच येत नसेल तर केबलवर शंका घ्या, आणि मल्टिमीटर काढा. काळी प्रोब ग्राउंडवर, लाल दुसऱ्या पिनवर. शांत असताना पाठवणारी पिन उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास दिसते, घेणारी शून्याजवळ. केबल नीट जोडली की दोन्ही तारांवर उणे व्होल्टेज दिसायला हवं, कारण प्रत्येक तारेच्या एका टोकाला कुणीतरी पाठवणारा आहे. एकीवर उणे आणि दुसरीवर जवळपास शून्य, म्हणजे पाठवणारा पाठवणाऱ्याला जोडलाय. २ आणि ३ ची अदलाबदल करा. मीटर नसेल तर केबल स्विचरपासून सोडवून त्या टोकाला २ आणि ३ वायरच्या तुकड्याने जोडा, टर्मिनल प्रोग्रॅममधला लोकल एको (टाइप केलेलं स्वतःच पडद्यावर दाखवणं) बंद करा आणि टाइप करा. अक्षरं परत दिसली तर इथपर्यंतची वाट ठीक आहे. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या, त्या थेट आरएस-२३२ ला लावल्या तर जळू शकतात, मधे व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ सारखी चिप हवीच.

आणखी एक फसवा पोर्ट: एचडीबेसटी (नेटवर्कसारख्या केबलवरून चित्र-आवाज लांब नेणारी पद्धत) स्विचरवर प्रत्येक आउटपुटपाशी वेगळा आरएस-२३२ असू शकतो. तो तिकडच्या प्रोजेक्टरपर्यंत मजकूर नुसता वाहून नेतो. तिथे ३*४! पाठवलं तर ते प्रोजेक्टरला ऐकू जातं, स्विचरला नाही.

टेलनेटची गोष्ट वेगळी. इथे जोडणी खरोखर होते, म्हणून ती तुटतेही. एक्स्ट्रॉन २३ नंबरच्या टीसीपी पोर्टवर ऐकतो, क्रेमर सहसा ५००० वर (टीसीपी म्हणजे नेटवर्कवर जोडणी करायची मूळ पद्धत; हा पोर्ट म्हणजे पाठीमागची जागा नव्हे, नुसता क्रमांक). जोडताक्षणी एक्स्ट्रॉन कॉपीराइटची ओळ पाठवतो, पासवर्ड ठेवला असेल तर तोही मागतो. सिरियलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम या ओळीलाच आपल्या पहिल्या कमांडचं उत्तर समजतो, आणि तिथून पुढे प्रत्येक उत्तर एकाने मागे राहतं. बऱ्याच मॉडेलांत पाच मिनिटं काही बोललं नाही की जोडणी बंद होते. सकाळी चालून दुपारी गप्प होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. दर दोन-तीन मिनिटांनी आवृत्ती विचारणारी ‘क्यू’ कमांड पाठवत राहावं. उलट प्रत्येक कमांडला नवी जोडणी उघडून ती बंद न करणारा प्रोग्रॅम आणखी वाईट: एका वेळच्या जोडण्यांना मर्यादा असते, ती भरली की स्विचर नव्याला दारातच उभं करतो.

टेलनेट आणि साधं टीसीपी यांतही फरक आहे. टेलनेटमध्ये २५५ या बाइटने सुरू होणारी आपसातली बोलणी चालतात. साधं टीसीपी ऐकणाऱ्या पोर्टवर टेलनेट क्लायंट लावला तर ते बाइट पहिल्या कमांडला चिकटतात: पहिली कमांड फसते, दुसरी चालते. पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये अशा वेळी ‘रॉ’ निवडा. प्रोग्रॅममध्ये उत्तर यूटीएफ-८ म्हणून वाचत असाल तर २५५ वर तो तिथेच कोसळेल, कारण त्या पद्धतीत हा बाइट कधीच वैध नसतो.

सगळ्यात कमी माहीत असलेला फरक: एक्स्ट्रॉनमध्ये सिरियलवर व्हर्बोज मोड (न विचारता बदल कळवायचं सेटिंग) मुळात १ असतो, टेलनेटवर ०. म्हणजे कुणी समोरचं बटण दाबून इनपुट बदलला तर सिरियलवर आपोआप कळतं, टेलनेटवर कळत नाही आणि तुमच्या नियंत्रण-पॅनेलवर जुनीच जोडणी दिसत राहते. जोडल्यावर एस्केप, मग १, सी, व्ही (रोमन मोठी अक्षरं) आणि एंटर पाठवलं की प्रश्न मिटतो. नवी जोडणी झाली की हे पुन्हा पाठवायचं.

एकच खोली आणि एकच नियंत्रक असेल तर मी सिरियलच घेईन. नेटवर्कवाल्यांनी आयपी बदलला म्हणून कार्यक्रम अडत नाही. दोन-तीन ठिकाणांहून चालवायचं असेल किंवा अंतर १५ मीटरच्या पुढे असेल तर नेटवर्क. पण टेलनेटचा पासवर्ड तारेवरून उघडा जातो, तेव्हा स्विचर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागात) ठेवा. एक्स्ट्रॉनच्या नव्या मॉडेलांत २२०२३ पोर्टवर एसएसएच (टेलनेटसारखंच, पण सगळं गुप्त करून पाठवणारं) मिळतं, ते वापरा.

३*४! ला एक्स्ट्रॉनकडून येणारं ‘आउट ४ इन ३ ऑल’ हे उत्तर दोन्ही वाटांवर एवढंच सांगतं की आतली जोडणी बदलली. एचडीएमआयमध्ये त्यानंतर एचडीसीपीची (नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची) देवाणघेवाण व्हायची असते, तिला काही सेकंद लागू शकतात. पडदा काळा दिसला म्हणून तीच कमांड पुन्हा पाठवत राहू नका.