जोर किल्लीवर नको, झाकणावर

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या अलीकडे एका पंपावर मोटरसायकल लावली होती. ऑगस्टचे दिवस, सकाळपासून पाऊस. टाकीच्या कुलपात किल्ली गेली, पण फिरेना. मागे रांग वाढत होती. घाईत मी जोर लावला आणि बोटांना स्पष्ट जाणवलं, की कुलूप जागचं हललेलं नाही, किल्लीच पिळवटतेय. पंपावरचा मुलगा पुढे आला. "दादा, किल्ली सोडा जरा." त्याने झाकणावर तळहात टेकवला, अंगाचा भार दिला. "आता फिरवा. हळूच." किल्ली फिरली, आतून टक्कन आवाज आला आणि झाकण सुटलं.

पाच सेकंदांचं काम. पण त्या तळहाताखाली नेमकं काय घडलं, हे मला घरी जाऊन झाकण उघडून बसल्यावर नीट कळलं.

मोटरसायकलच्या झाकणात दोन यंत्रणा एकीखाली एक बसवलेल्या असतात. वर कुलूप, खाली खिट्टी. कुलपाचं काम राखणदाराचं, ओळखीची किल्ली आली की वाट द्यायची. झाकणाला टाकीशी जखडून ठेवते ती खिट्टी. झाकण दाबून बंद केलं की खालचा रबरी वायसर टाकीच्या तोंडावर चेपतो आणि खिट्टीची जीभ काठाखाली सरकते. चेपलेलं रबर मग झाकणाला सतत वर रेटत राहतं, त्यामुळे जीभ काठाला खालून घट्ट टेकलेली राहते. किल्ली फिरवताना ही टेकलेली जीभ आपण ओढून काढत असतो. दोन पृष्ठभाग जितके जोरात एकमेकांवर दाबलेले, तितकं त्यांच्यातलं घर्षण जास्त. तळहाताने झाकण खाली दाबलं, की रबराचा रेटा आपण अंगावर घेतो, जीभ काठापासून केसभर सुटी होते आणि घर्षण जवळजवळ संपतं. मग किल्लीला दोन बोटांचा जोरही पुरतो.

हा रेटा वाढवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. रबर वर्षानुवर्षं पेट्रोलच्या वाफेत राहून फुगतं, कधी कडक होतं. पेट्रोलमधलं इथेनॉल काही प्रकारच्या रबरांना आणखी फुगवतं. वायसर फुगला की जिभेवरचा भार वाढला. शिवाय ऊन. भर दुपारी उन्हात लावलेल्या गाडीच्या टाकीत वाफेचा दाब चढतो. टाकीचं तोंड चार सेंटिमीटर व्यासाचं धरलं आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा वातावरणाच्या दाबाच्या फक्त एक दशांशाने जास्त असला, तरी झाकणावर आतून सव्वा किलोभर वजनाइतका रेटा येतो. रबराच्या रेट्यात ही भर पडते.

उलटंही होतं. किल्ली सहज फिरते, पण झाकण वर येत नाही, आणि आलं की आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज येतो. हा कुलपाचा दोष नसतो. पेट्रोल खर्च होईल तशी तेवढी हवा आत यावी म्हणून झाकणात बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा झाकणाला खाली दाबून धरते. अशी गाडी चालता चालता आचके देऊन बंद पडते, झाकण एकदा उघडून लावलं की पुन्हा नीट चालते. असं होत असेल तर कुलपात तेल सोडण्यात वेळ घालवू नका, हवेची वाट साफ करा.

आता कुलपाकडे येऊ. घराच्या दाराला जे सिलिंडरचं कुलूप असतं, त्याच्या खुंट्यांच्या रचनेचं आणि चपट्या किल्लीचं पेटंट लायनस येल (धाकटा) याने १८६१ साली घेतलं. मोटरसायकलच्या कुलपात बहुधा त्याच कल्पनेचं सुटसुटीत रूप असतं. खुंट्यांऐवजी पितळेच्या पातळ पात्या, प्रत्येक पातीला मधोमध चौकोनी खिडकी आणि बाजूला केसासारखी स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंगा पात्यांना सिलिंडरच्या बाहेर ढकलतात, पात्या भोवतालच्या खाचेत अडकतात, सिलिंडर फिरत नाही. किल्ली आत गेली की तिच्या काठावरचा प्रत्येक खाचखळगा आपापल्या पातीला नेमकं तेवढंच आत ओढतो. सगळ्या पात्या सिलिंडरशी समतल झाल्या की वाट मोकळी. हा समतलपणा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा खेळ आहे. बारीक रेतीचा एक कण साधारण तेवढाच असतो. म्हणजे एका पातीच्या खाचेत एक कण बसला तरी बाकी सगळ्या पात्यांनी बरोबर काम करून उपयोग नाही.

आणि या कुलपाची जागाच अशी, की कण बसणारच. दाराचं कुलूप भिंतीला समांतर असतं, त्यात पाऊस सहसा शिरत नाही. टाकीचं कुलूप आकाशाकडे तोंड करून बसतं. धूळ वरून पडते, पाणी वरून पडतं, खिशातल्या कपड्याचे तंतू किल्लीबरोबर जातात, आणि बाहेर पडायला वाट नाही. भोकावर स्प्रिंगची इवलीशी झडप असते, पण ती तुटली तरी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माझीही तुटलेली होती.

आत शिरलेलं पाणी एक वेगळंच काम करतं. कुलपाचं अंग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, जस्तात थोडं ॲल्युमिनियम मिसळून साच्यात ओतलेलं. पात्या पितळेच्या, म्हणजे मुख्यतः तांब्याच्या. जस्त आणि तांबं एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल, ही तर विजेच्या घटाची रचना झाली. अलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० साली जगापुढे मांडलेल्या घटात जस्ताच्या आणि तांब्या-चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडेच होते. अशा जोडीत जस्त झिजतं आणि तांबं टिकतं. झिजलेल्या जस्ताची पांढरी पूड होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि पात्यांच्या खाचा भरून टाकते. समुद्राकाठी, जिथे हवेतच मीठ आहे, तिथे हे लवकर होतं. वरून क्रोमचा मुलामा चकचकीत दिसत राहतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

अशा कुलपात जोराने किल्ली फिरवली तर किल्ली तुटते आणि ठरलेल्या जागी तुटते. चपट्या पट्टीची पीळ सोसायची ताकद तिच्या रुंदीवर आणि जाडीच्या वर्गावर अवलंबून असते. किल्लीची जाडी मुळातच दोन-तीन मिलिमीटर, त्यात सगळ्यात खोल खाचेशी रुंदीही कमी झालेली, आणि खाचेच्या कोपऱ्यात ताण एकवटतो. तुकडा आत राहिला की साध्या सफाईचं काम मोठ्या दुरुस्तीचं होऊन बसतं.

अडलेलं झाकण सोडवायला घेताना पहिल्यांदा घरातली दुसरी किल्ली शोधा. रोजची किल्ली इग्निशनमध्ये हजारो वेळा फिरून झिजलेली असते, पात्यांना ती पुरतं ओढू शकत नाही. कपाटात पडून असलेली कंपनीची जोडकिल्ली अनेकदा पहिल्याच प्रयत्नात चालते. झिजलेल्या किल्लीवरून रस्त्यावर नक्कल करून घेतली तर झीजही नक्कल होते. म्हणून गाडी घेताना किल्लीबरोबर नंबराचा बिल्ला मिळाला असेल तर तो जपून ठेवा. त्यावरून मूळ मापाची किल्ली बनवता येते.

त्यानेही भागलं नाही तर सफाई. गाडी सावलीत लावून पूर्ण गार होऊ द्या. पंक्चरवाल्याकडच्या हवेने भोक फुंकून घ्या. मग पातळ, आत झिरपणारा फवारा थोडासा मारा आणि किल्ली न फिरवता नुसती वीस-तीस वेळा आत-बाहेर करा. दर वेळी किल्ली फडक्याला पुसा. आधी काळा चिखल येईल, मग करडा, मग किल्ली स्वच्छ निघू लागेल. पात्या आपापल्या खाचेत हलू लागल्याची ही खूण. त्यानंतर तळहात झाकणावर, आणि किल्ली हळूच. फिरली नाही तर किल्ली जेमतेम अर्धा मिलिमीटर मागे घेऊन पुन्हा बघा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. किल्ली लायटरने तापवून घालणं, किंवा टाकीवर बसलेल्या कुलपाला ड्रिल लावणं, हे दोन्ही प्रकार करू नका. उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ होऊ शकते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने टाकीभोवतीच रेंगाळते, आणि हवेत दीड टक्का असली तरी ठिणगीला पुरते.

वंगणाबद्दल आपल्याकडे चुका फार होतात. घरात हाताशी असतं खोबरेल. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी कुलपात मेणच. गोडेतेल हवेतल्या प्राणवायूने हळूहळू चिकट होतं, जुन्या तेलाच्या बरणीचा काठ आठवा. ग्रीस धूळ धरून ठेवतं. डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली सॅन डिएगोत बनला तो पाणी हटवण्यासाठी, नावातल्या दोन अक्षरांचा (वॉटर डिस्प्लेसमेंट) अर्थही तोच आहे. साफ करायला तो उत्तम, पण त्यातला बराच भाग उडून जातो, म्हणून सफाईनंतर कायमचं वंगण वेगळं हवं.

जुने कुलूपवाले शिसपेन्सिलीची पूड घालतात. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, चिकणमातीत मिसळलेलं ग्राफाइट असतं. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या थरांची चळत. थरांच्या आत अणू घट्ट बांधलेले, थराथरांमधलं बंधन मात्र ढिलं, म्हणून थर एकमेकांवरून घसरतात, इतकंच आपण शाळेत शिकलो. पण गोष्ट तिथे संपत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खूप उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बनचे ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे ग्राफाइटचे ठोकळे, काही तासांत झिजून भुकटी होऊ लागले. जमिनीवर तेच ब्रश कितीतरी जास्त टिकत. वरच्या विरळ, कोरड्या हवेत पाण्याची वाफ नव्हती आणि ग्राफाइटला घसरण्यासाठी तीच लागत होती. म्हणजे ज्या दमट हवेने कुलपातलं जस्त कुजतं, तीच हवा ग्राफाइटला निसरडं करते. पण ग्राफाइट विजेचा वाहक आहे. पाणी साचत असेल तर जस्ताशेजारी तो तांब्याचीच भूमिका करतो आणि कुजणं वाढवतो. म्हणून घाटावरच्या कोरड्या गावात मी कोरडं ग्राफाइट घालेन. कोकणात टेफ्लॉनचा कोरडा फवारा, नाहीतर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, पावसाआधी आणि पावसानंतर. ग्राफाइट आणि तेल एकत्र नको, त्याचा नुसता लगदा होतो.

झाकण उघडलं की मूळ कारणही बघून घ्या. टाकीच्या तोंडात आधी स्वच्छ फडकं कोंबा, कारण हातातला स्क्रू आत पडायला क्षण लागतो. झाकणाभोवतीच्या कड्यावरचे सगळे स्क्रू खरे असतीलच असं नाही, काही नुसते शोभेचे असतात. वायसर फुगलेला, चिरलेला असेल तर बदला, चांगला असेल तर त्याला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा. टाकीशी समतल बसणाऱ्या झाकणाखाली बहुधा एक खळगा असतो. त्यात पडलेलं पाणी बारीक भोकातून रबरी नळीने गाडीखाली जातं. माझ्या गाडीचं ते भोक चिखलाने बुजलं होतं. प्रत्येक पावसाचं पाणी त्या खळग्यात तळं करून कुलपापर्यंत चढत होतं. मऊ तार घातली, वरून फुंकलं, तेव्हा नळीच्या खालच्या टोकातून बोटभर लांबीची मातीची कांडी निघाली. सगळं पुन्हा बसवून, झाकण लावून, वरून वाटीभर पाणी ओतलं. इंजिनाच्या मागे, फरशीवर, बारीक धार लागली.